तीस मुठी

६ फेब्रुवारी

तीन सुऱ्या परत आल्या. दुकानदाराच्या चिठ्ठीत तिन्हींसाठी एकच वाक्य होतं : करंगळीखाली टोचते.

सव्वीस वर्षांत मूठ परत आलेली नाही. पातं एकदा आलं होतं. धाकट्या भावाने तापलेल्या पात्याला पाणी द्यायला घाई केली आणि टोक तुटलं. पण मूठ कधीच नाही.

तिन्ही सुऱ्या एकेक करून डोळे मिटून धरल्या. काहीही टोचत नाही. मनगट फिरवून पाहिलं, उलटी धरून पाहिली. काही नाही.

म्हणून ही वही. कारण सापडेपर्यंत लिहायचं, सापडलं की बंद करायची.

माझा धाकटा भाऊ पुढच्या शेडमध्ये पाती घडवतो. रानात हिंडणारे लोक ह्या सुऱ्या वापरतात. फांद्या तोडायच्या, दोर कापायचे, विस्तवासाठी ढलप्या काढायच्या. मी मागच्या खोलीत खिडकीपाशी मुठी बसवते. भावजय घर बघते, आणि तयार सुऱ्या पुसून, तेल लावून पेटीत भरते. ह्या वाटणीवरून आमच्यात कधी भांडण झालं नाही. लग्नानंतर वर्षभरात भावजयीने एकदा मुठीचं काम शिकवा म्हणून विचारलं होतं. मी म्हटलं, दोन हातांच्या मुठी एका पेटीत जात नाहीत. तिने पुन्हा विचारलं नाही. त्याला पंधरा वर्षं झाली.

९ फेब्रुवारी

कुठे चुकतं ते शोधायचं तर सगळी कृती मांडायला हवी.

अक्रोडाच्या दोन फळ्या पात्याच्या शेपटीला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाला, दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या. पितळेच्या तीन खिळ्यांनी जखडायच्या. कानशीने आकार काढायचा, मग पॉलिशपेपर. इथपर्यंत कोणालाही जमतं. त्यानंतर सुरी घेऊन वाळक्या फांदीवर शंभर काप मारायचे. पन्नास कोरड्या हाताने, पन्नास ओल्या. जिथे टोचेल तिथे पेन्सिलीने खूण, खुणेवर कानस, आणि पुन्हा शंभर. टोचायचं थांबलं की मूठ झाली.

बाबांनी हे असंच शिकवलं. ते म्हणायचे, हातात असताना मूठ आठवली तर ती वाईट. दुसरं मोजमाप त्यांच्याकडे नव्हतं. कॅलिपर होता, पण तो ते पात्यासाठी वापरायचे.

पूर्वी मला एका मुठीला चार-पाच फेऱ्या लागत. गेल्या पाच-सहा महिन्यांत पहिल्याच शंभरात मूठ विसरायला होते. इतका हात बसायला पंचवीस वर्षं लागली. आणि नेमक्या ह्याच मुठी परत येतात.

१२ फेब्रुवारी

उजव्या तळहातावर फोड, करंगळीच्या खाली, वाटाण्याएवढा. कशाने आला आठवत नाही. माझ्याआधी भावजयीच्या लक्षात आला. वन्सं, हे केव्हा झालं, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या कढईचा कान. ती म्हणाली, आज कढईला तुम्ही हातही लावला नाही. सगळं बारीक लक्ष असतं तिचं.

संध्याकाळी हातातून कप निसटला. तिने भांड्यांचा साबण बदलला आहे. भांडी बुळबुळीत राहतात. सांगितलं, तर म्हणाली, साबण तोच आहे.

१७ फेब्रुवारी

उंच वाटाड्या पात्याला धार लावायला आला. डोंगरात लोकांना घेऊन जातो, वर्षाचे आठ महिने बाहेर असतो. त्याच्या सुरीच्या मुठीवर चिंधी गुंडाळलेली होती.

हे काय, म्हणून विचारलं. थंडी होती ना ताई, म्हणाला.

मी चिंधी सोडली. मूठ माझीच, सप्टेंबरातली. डोळे मिटून धरली. हातात आहे असंही वाटत नव्हतं. बाबांनी शाबासकी दिली असती.

‘सांग, कुठे टोचते.’

‘टोचत नाही हो.’

‘मग चिंधी कशाला?’

‘बायकोने बांधली.’

‘बायकोला काय माहीत तुझा हात?’

‘आता तिला नाही तर कोणाला माहीत असणार?’

धाकटा शेडमधून म्हणाला, ‘ताई, कानस सुरीला लावायची असते, माणसाला नाही.’ दोघं हसले. मीही हसले.

जाताना वाटाड्या फाटकाबाहेर थांबला आणि चिंधी पुन्हा गुंडाळली. मी खिडकीतून बघत होते. थंडी नव्हती.

२२ फेब्रुवारी

आणखी दोन परत. ह्या वेळी दुकानदार स्वतः घेऊन आला. डोक्यावरची टोपी कधी काढत नाही म्हणून घरात आम्ही त्याला टोपीवाला म्हणतो. मुठीचं बोलायला आला होता, पण सगळं बोलला धाकट्याशी. माझ्याकडे पाहिलं ते फक्त खुर्ची मागताना.

त्याने काळ्या रबराची एक मूठ आणली होती. कारखान्यात साच्यात ओततात. सगळ्या एकसारख्या. धाकट्याने धरली, भावजयीने धरली, मग माझ्याकडे आली. मला फक्त मऊ वाटली. मी म्हटलं, हिला मूठ म्हणत नाहीत, बूट म्हणतात. भावजय हसली. टोपीवाला हसला नाही.

‘ताई, बुटात पाय दुखत नाही. गिऱ्हाईक एवढंच बघतं.’

त्याचं म्हणणं असं. वाटाड्यांच्या संघाला तीस सुऱ्या हव्या आहेत. दहा-दहा करून पाठवायच्या. संघाचे लोक आठवडाभर वापरून बघतील. तिसाच्या तीस पास झाल्या तर आमच्या मुठी पुढे चालू. नाही तर इथून नुसती पाती घेणार आणि मुठी रबराच्या.

धाकटा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याची पाती दोन्हीकडून जातातच.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. मला स्वयंपाक बेताचा येतो, शिवण येत नाही, चार लोकांत बोलता येत नाही. मुठी करता येतात. त्या नकोत म्हटल्यावर मी ह्या घरात कोण, हा प्रश्न कोणी विचारणार नाही. ते विचारणार नाहीत, ह्याचीच भीती वाटते.

२८ फेब्रुवारी

तपासलं. लाकूड : तोच लाकूडवाला, तीन वर्षं सुकवलेलं. तेल : जवसाचं, नेहमीचं. खिळे : नवीन पितळ थोडं कडक आहे, पण घासून सपाट होतात. कानशी : बदलल्या. खिडकी : पुसून घेतली.

सगळ्यांवर काट मारली. आता राहिले गिऱ्हाइकांचे हात. लोकांचे हात नाजूक झाले असतील.

हे लिहून पुन्हा वाचलं. पटलं नाही, पण खोडत नाही.

५ मार्च

पहिल्या दहांचं काम सुरू आहे. भावजयीने झिजलेले पॉलिशपेपर मागितले. भांडी घासायला, म्हणाली. बारीक नंबरचे तेवढे द्या, जाडे नकोत. भांड्यांना बारीक नंबर कशाला लागतो, विचारलं. चरे पडतात, म्हणाली. दिले.

टोपीवाला आला होता त्या दिवसापासून ती माझ्या कामाकडे बघत असते. दारात उभी राहते, हातात पातेलं असतं, पुसून झालेलं. मी मान वर केली की आत जाते. काही तरी तिच्या मनात आहे. ही खोली मोकळी झाली तर तिला हवी असेल. घरात दुसरी खिडकीची खोली नाही.

११ मार्च

पहिल्या दहा गेल्या. एकाही मुठीला दुसरी फेरी लागली नाही.

दुपारी जेवणानंतर तासभर पडायची माझी सवय आहे. धाकटा हल्ली नेमका त्याच वेळी ऐरणीवर बसतो. पूर्वी दुपारी तो पात्यांना हाताने धार लावायचा, आवाज नसायचा. सांगून पाहिलं. उजेड बरा असतो, म्हणाला. लोखंड तापवायला उजेड कशाला, म्हटलं. भट्टी तर अंधारातच नीट दिसते. तो पुन्हा ठोकायला लागला.

१९ मार्च

दहाही पास.

टोपीवाल्याची चिठ्ठी : ‘पूर्वीसारख्या.’ एकच शब्द. पाच वेळा वाचला. एका वाटाड्याने म्हणे दोन सुऱ्या मागितल्या आहेत, एक मुलीसाठी.

धाकट्याला दाखवली. त्याने नुसतं ‘हं’ केलं. भावजय म्हणाली, ‘बरं झालं, वन्सं,’ आणि ताटं मांडायला लागली. दोघांपैकी कोणाच्याही तोंडावर आनंद नव्हता. सुतक असल्यासारखे जेवले. मला वाईट वाटलं. रबर आलं असतं तर त्यांचं ओझं कमी झालं असतं, असं त्यांना वाटत असेल का?

पण दहा पास झाल्या. हे कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

२४ मार्च

डॉक्टरकडे जाऊन आले. घरात सांगितलं नाही, लाकूडवाल्याकडे जाते म्हटलं.

कारण असं. परवा इस्त्रीवर हात टेकलेला होता आणि मला ते वासावरून कळलं.

हा नसांचा डॉक्टर. तरुण आहे, हळू बोलतो. डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना टाचणी लावत गेला. जितक्या वेळा कळेल तितक्या वेळा हो म्हणा. मी सात वेळा हो म्हटलं. त्याने सांगितलं, वीस वेळा लावली. मी म्हटलं, हळू लावली असेल. मग करंगळी धरून विचारलं, कोणतं बोट धरलंय. मी सांगितलं. चुकलं.

त्याच्या मते दोन्ही हातांच्या नसा सुकत चालल्या आहेत, उजव्याच्या जास्त. गोळ्यांनी वेग कमी होईल कदाचित. गेलेलं परत येणार नाही. काम काय करता, विचारलं. सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

परत येताना सगळा वेळ विचार केला. मला मूठ टोचलेली कळत नाही असं तो म्हणतो. मग दहा पास कशा झाल्या? दहा माणसांनी आठवडाभर वापरल्या. दहा माणसांचे हात खरे की एक टाचणी? एखादी पास झाली असती तर नशीब म्हटलं असतं. दहा म्हणजे नशीब नाही.

माझा हात कातडीने काम करत नसेल. आणखी आतून करत असेल. डॉक्टरला मुठीतलं काय कळतं?

गोळ्या डब्यात ठेवल्या आहेत, खिळ्यांच्या खाली.

१ एप्रिल

दुसऱ्या दहाही पास. ह्या वेळी चिठ्ठी नाही, निरोप आला.

आज मला आनंद झाला म्हणून लिहिते. मोठ्याने काही केलं नाही. काम आवरून टेबल ओल्या फडक्याने पुसलं, एवढंच.

भावजयीच्या अंगठ्याला पट्टी आहे. नख मुळापर्यंत चिरलंय. विळीवर, म्हणाली. केसांत भुसा होता. मी झटकायला गेले तर मागे सरली.

घरामागे नळाशी गेले होते. तिथे कोपऱ्यात ढलप्यांचा ढीग दिसला, गुडघ्याएवढा. बारीक, लांब, एकसारख्या. सरपणाला कोणी असं सोलत नाही. शेजारी फांद्यांची बुडखी. सुरी कुठली, हे विचारायची गरज नव्हती. विक्रीच्या सुऱ्यांनीच, पेटीत भरण्याआधी, भावजय काटक्या सोलत बसते. सव्वीस वर्षांत मी विक्रीच्या सुरीने पेन्सिलीला टोक केलेलं नाही.

धाकट्याला सांगितलं. तो घाम पुसत म्हणाला, ‘सोलू दे, ताई. पात्याला काही होत नाही.’

‘मुठीला होतं.’

‘मुठीलाही काही होत नाही.’

बायकोची बाजू घेतो, ते ठीक आहे. पण पुढच्या दहा मी तिच्या हाताला लागू देणार नाही.

९ एप्रिल

शेवटच्या दहा झाल्या. आज दुपारी पडले नाही. जेवण झाल्यावर खोलीचं दार आतून लावलं आणि सुऱ्या मीच पुसल्या, तेल लावलं, कागदात गुंडाळल्या, पेटी खिळ्यांनी बंद केली. बोटं नीट चालत नव्हती, दोन खिळे वाकले. वेळ लागला पण झालं. टेंपोवाला दोनला येतो. पेटी स्वतः उचलून त्याला दिली.

अडीचला भावजय आली, हातात तिची ती तेलाची चिंधी.

‘वन्सं, सुऱ्या कुठे आहेत?’

‘गेल्या.’

ती दाराला धरून उभी राहिली. कोणाबरोबर, किती वाजता, कोणत्या रस्त्याने, सगळं विचारलं. पत्ता नीट लिहिलाय का ते बघायचं होतं म्हणाली. मी म्हटलं, पत्ता मला तुझ्या आधीपासून पाठ आहे.

ती शेडमध्ये गेली. ऐरणीचा आवाज बंद झाला. मग धाकटा मोटारसायकल काढून गेला, अंगावर कामाचा चामडी पट्टा तसाच. तासाभराने परत आला. टेंपो गाठता आला नाही, असं तो तिला म्हणाला. मला काही म्हणाला नाही. रात्री जेवायला तिघंही होतो. भावजयीने मला दोनदा वाढलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाहिलं नाही.

इतका राग? एका पेटीवरून?

१४ एप्रिल

घरात कोणी बोलत नाही. मी नवीन काम घेतलेलं नाही. उगाच कानशी ब्रशने साफ केल्या.

आज भावजय येऊन माझ्या शेजारी बसली. बराच वेळ बसली. काही हवंय का, विचारलं. नको म्हणाली. उठताना माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा पाहिला, आणि परत मांडीवर ठेवला. लहान मुलाचा ठेवतात तसा.

१८ एप्रिल

दहाही परत.

चौघांच्या तळहाताला फोड. दोघांनी दुसऱ्या दिवसापासून वापरली नाही. उंच वाटाड्या ओल्या हाताने फांदी तोडत असताना मूठ हातात फिरली आणि पातं तर्जनीत शिरलं. शीर तुटली आहे. बोट वाकत नाही.

टोपीवाला स्वतः आला नाही. टेंपोवाल्याबरोबर चिठ्ठी. पुढच्या महिन्यापासून नुसती पाती.

मी दहाही सुऱ्या टेबलावर मांडल्या. एकेक धरून पाहिली. एकही टोचत नाही.

१९ एप्रिल

सकाळी दोघांना बोलावलं. म्हटलं, मला एक सांगा. लाकूड तेच, हात तोच, वीस पास होतात आणि दहा होत नाहीत, हे कसं? तुम्ही टोपीवाल्याला काही सांगितलंत का? मला हे विचारायचं होतं, म्हणून विचारलं. आता लिहिताना लाज वाटते.

धाकटा भिंतीकडे बघत होता. भावजय म्हणाली, ‘मी सांगते.’ तो म्हणाला, ‘नको, मी सांगतो.’ मग कोणीच सांगेना.

शेवटी तोच म्हणाला, ‘ताई, त्या वीस हिने केल्या.’

‘मी फक्त कडा मोडल्या,’ भावजय म्हणाली. ‘मूठ तुमचीच होती, वन्सं.’

मी विचारलं, केव्हा? तुम्ही पडायचात तेव्हा, म्हणाली. घरामागे. प्रत्येकीला शंभर काप, टोचेल तिथे खूण, मग पुन्हा शंभर. तुम्ही करता तसंच. पंधरा वर्षं दारातून बघितलंय. आवाज येऊ नये म्हणून हे ऐरणीवर बसायचे.

‘मला का नाही सांगितलं?’

‘तू काम सोडून दिलं असतंस,’ धाकटा म्हणाला.

भावजय म्हणाली, ‘तसं नाही. त्यांनी मला हात लावू दिला नसता.’

तिचं बरोबर आहे.

चहा झाला. मी माझा कप दोन्ही हातांनी धरून प्यायले आणि तो कुठे धरलाय ते बघत प्यायले. मग डब्यातून गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि डॉक्टरचं सांगितलं. भावजय रडली. धाकट्याने गोळ्यांच्या पाकिटावरचं सगळं वाचलं, मागचंसुद्धा.

डॉक्टरला खोटं ठरवायला माझ्याकडे वीस मुठी होत्या. आता दहा आहेत, आणि त्या त्याच्या बाजूने आहेत.

वाटाड्याचं बोट माझ्या नावावर आहे. सुऱ्या तिच्या हाती पडू नयेत म्हणून मी त्या दिवशी झोपले नव्हते.

२३ एप्रिल

वाटाड्याकडे गेले होते. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आत बसलेला, हात गळ्यात बांधलेला. मी म्हटलं, मूठ चुकली होती, माझी चूक. तो म्हणाला, ‘नाही हो ताई, हात ओला होता.’ त्याची बायको म्हणाली, ‘सप्टेंबरपासून चुकतेय. मी चिंधी बांधून द्यायची. ही नवी म्हणून नाही बांधली.’

तो तिला गप्प बस म्हणाला. मी म्हटलं, बोलू दे.

घरी येऊन जुन्या मुठींची यादी केली. सप्टेंबरपासून एकशे अठरा. त्या कोणाकोणाकडे आहेत ते टोपीवाल्यालाही माहीत नसेल.

३० एप्रिल

टोपीवाल्याचा निरोप. रबराचा साचा करायला नमुना हवा. कारखान्याची मूठ त्याला आवडलेली नाही, लोक म्हणतात तुमच्या जुन्या मुठी चांगल्या होत्या. लाकडाची एक मूठ करून द्यावी, त्यावरून साचा काढू. एकच. पुढे त्याच्याच हजारो.

धाकटा म्हणाला, आपण नाही म्हणू. भावजय काही म्हणाली नाही. मी म्हटलं, करू. हिने करायची, मी शेजारी बसेन.

म्हणजे आमच्या घरातली शेवटची मूठ. तिच्यानंतर इथे मुठीचं काम नाही, माझ्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही. पंधरा वर्षांपूर्वी शिकवलं असतं तर तिच्या वाट्याला पंधरा वर्षं आली असती. आता एक मूठ आली.

३ मे

भावजय डावखुरी आहे, हे आत्तापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. कानस माझ्या उलट दिशेने चालवते. सुरी पकडायचा व्हाइस फिरवून दिला. खिडकीचा उजेड तिच्या चुकीच्या बाजूने पडतो, त्यामुळे टेबल हलवायला लागलं. धाकट्याने टेबल उचललं तेव्हा खालची जागा मोजून घेतली. पाती घासायचं यंत्र इथे बसेल, असं तो कोणालाही न सांगता बघत होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तिला सांगितलं, मुठीचं पोट आणि बूड ह्यांच्यामध्ये करंगळी बसते, तिथे लाकूड कमी ठेवायचं. ती म्हणाली, ते माहीत आहे. थोड्या वेळाने म्हणाली, म्हणजे तुमचंच बघून माहीत आहे.

७ मे

प्रत्येक फेरीनंतर ती मूठ माझ्या हातात देते आणि विचारते, ‘आता?’

मला काही कळत नाही. पण मी एक युक्ती शोधली आहे. शंभर काप तिने मारलेले असतात, टोचलेलं तिच्या तोंडावर असतं. खालचा ओठ किंचित आत ओढते. मी डोळे अर्धवट मिटते, मूठ धरते, आणि तिच्याकडे बघते. ओठ आत असला की म्हणते, करंगळीखाली, जरा. नसला की म्हणते, बरी आहे, मागे बघ. दर वेळी बरोबर येतं. ती मान हलवते आणि खूण करते.

काल आणि आज मिळून नऊ वेळा. हे लबाडीचं आहे ते मला कळतं. पण तिला विचारायला कोणी तरी हवं आहे, आणि मला उत्तर द्यायला.

९ मे

मूठ आता खूपच पुढे आली आहे. सकाळी तिने ओल्या हाताचे पन्नास काप मारले, फडक्याने हात पुसला, सुरी पुसली. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मूठ माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटली.

‘आता?’ म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे केलं.

मी थांबले. तिची मान दिसत होती, कानामागे भुसा होता. मी डोळे पूर्ण मिटले. मग उघडले. हातात सुरी होती, हे दिसत होतं. बाबांनी सांगितलेलं सगळं आठवत होतं, कुठे दाबायचं, मनगट कसं फिरवायचं. सगळं केलं. पुन्हा केलं. शेडमध्ये धाकट्याने हातोडा खाली ठेवला असावा, कारण काहीच ऐकू येत नव्हतं. ती वळली नाही. घाईही केली नाही.

किती वेळ गेला माहीत नाही.

मग तिने न बघताच हात मागे केला, माझी बोटं सोडवली आणि सुरी काढून घेतली.

‘राहू दे, वन्सं,’ म्हणाली. ‘मी ठरवते.’